मुंबईचा कालवा अकलोलीपासून पाहावा

पाण्यावर वसलेली शहरं पायी हिंडून पाहायची हौस जुनी आहे. ज्याला जमतं तो व्हेनिसला किंवा ॲमस्टरडॅमला जातो. ज्याला सुट्टीत महाराष्ट्रातच राहायचं असतं तो औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरच्या नहरीचा आणि पाणचक्कीचा माग काढतो. पुण्यात असला तर कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आलेल्या पेशवेकालीन नळाचे हौद शोधतो. या यादीत मुंबईचं नाव कोणी घेत नाही. ते घ्यायला हवं, असं माझं म्हणणं आहे. मुंबई हे कालव्यावर जगणारं शहर आहे. फक्त तिचा कालवा शहरात दिसत नाही. तो शहापूर आणि भिवंडी या दोन तालुक्यांतून येतो, आणि तो समजून घ्यायचा तर सुरुवात भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीपासून करावी. तानसा नदीच्या काठचं हे गाव मुंबईकराला ठाऊक असतं ते गरम पाण्याच्या कुंडांमुळे. वज्रेश्वरीचं दर्शन, अकलोलीला आंघोळ, गणेशपुरीला नित्यानंदांची समाधी आणि संध्याकाळी परत, एवढीच त्याची सहल. पण ज्या नदीकाठी तो अंग शेकत बसतो त्याच नदीचं वरच्या अंगाला अडवलेलं पाणी त्यानं सकाळी घरून निघताना नळाखाली वापरलेलं असू शकतं. हा संबंध एकदा ध्यानात आला की अकलोलीचा इतिहास देवस्थानांपुरता उरत नाही. कोणतं पाणी जागेवर राहिलं, कोणतं गेलं आणि ते कोणी नेलं, याचा तो इतिहास होतो.

पहिला आक्षेप सरळ आहे. लोखंडी नळाला कालवा कसं म्हणायचं? कालवा म्हणजे उघडं पाणी, त्यावर पूल, काठाला घरं, पाण्यातून होड्या. ही कल्पना चित्रांमधून आली आहे. व्हेनिसच्या कालव्यांतलं पाणी खारं. त्या शहरानं शतकानुशतकं तहान भागवली ती चौकांखाली साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर, आणि 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळानं गोडं पाणी आलं तेव्हाच ती अडचण सुटली. ॲमस्टरडॅमनंही 1853 मध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून नळानं पाणी आणलं, कारण दारातल्या कालव्यातलं पाणी पिण्याजोगं नव्हतं. म्हणजे कालव्यांच्या म्हणून गाजलेल्या शहरांचाही प्राण दुसऱ्याच, झाकलेल्या वाटेनं आलेला आहे. आपल्याकडे तर झाकलेला कालवा हीच परंपरा आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या आरंभी हर्सूलच्या बाजूनं आणलेली नहर जमिनीखालून चालते. कात्रजचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात भुयारी बांधकामातून शहरात आलं आणि काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, सदाशिव हौद अशा ठिकाणी वर आलं. वाटेत हवा खेळावी म्हणून बांधलेले उच्छ्वास सोडले तर तो नळ कुठे दिसत नसे. त्याला आपण पुण्याचा वारसा म्हणतो. मग 1892 मध्ये काही भाग दगडी बांधकामातून, काही बोगद्यातून आणि काही लोखंडी नळांतून मुंबईला पोहोचलेल्या तानसाच्या पाण्याला तो मान नाकारायचं कारण नाही.

आता अकलोलीच्या पाण्याकडे वळू, कारण तिथे दोन जातींचं पाणी एकाच काठावर आहे. पालघरपासून रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकापर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गरम झऱ्यांची एक ओळच आहे: कोकनेर, सातिवली, गणेशपुरी-अकलोली, महाडजवळचं सव, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूर. हे झरे ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचं पाणी काळ्या कातळातल्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. वर येताना ते क्षार घेऊन येतं, म्हणून त्याला चव असते, वास असतो. अकलोली, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी यांच्या दरम्यान, तानसाच्या पात्रात आणि काठावर, असे अनेक झरे आहेत. एखाद्या कुंडात पाय बुडवतानाही जपावं लागतं, तर शेजारच्या कुंडात सहज उतरता येतं. 1882 मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनं या झऱ्यांची दखल घेतली, ती वज्राबाईच्या, म्हणजे वज्रेश्वरीच्या, नावाखाली. लोकांची स्मृती मात्र त्याहून फार जुनी आहे. देवीनं मारलेल्या दैत्यांच्या रक्ताचे हे झरे झाले, अशी कथा इथे सांगतात. कथेचा अर्थ कसाही लावा, एक गोष्ट तिच्यातून स्पष्ट होते: हे पाणी पिकाला देण्याचं किंवा घागरीत भरण्याचं नव्हे, उतरून नहाण्याचं आहे, हे लोकांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं.

वज्रेश्वरीच्या देवळाची हकिकत याच नदीकाठाला वसईच्या खाडीशी जोडते. देवीचं मूळ ठाणं इथून उत्तरेला गुंजला होतं. पोर्तुगिजांनी ते मोडल्यावर ती वडवलीला, म्हणजे आजच्या वज्रेश्वरीला, आली, अशी परंपरा आहे. वसईची मोहीम चालू असताना चिमाजी अप्पांनी किल्ला हाती आला तर देवीला किल्ल्यासारखं देऊळ बांधीन असा नवस केला आणि मे 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे आल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून ते बांधून घेतलं. तटबंदीसारखी भिंत, उंचावरचं मंदिर, चढून जाणाऱ्या दगडी पायऱ्या हे सगळं आजही तसं दिसतं. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी नगारखाना बांधला. चैत्र अमावास्येच्या सुमाराला इथे यात्रा भरते. नवस आणि देणग्या यांकडे नुसती भक्ती म्हणून पाहिलं तर निम्मंच दिसतं. नव्यानं मिळवलेल्या मुलखात सत्ताधाऱ्याला आपली खूण उमटवायची असते आणि ती माणसं जमतात तिथे उमटवावी लागते. तानसाकाठी माणसं जमत होती ती देवी आणि गरम पाणी यांच्यासाठी. म्हणून वसईच्या विजयाची खूण किल्ल्यापासून इतक्या आत, या नदीच्या काठी उभी राहिली. विसाव्या शतकातही तेच झालं. 1936 मध्ये भगवान नित्यानंद गणेशपुरीला येऊन राहिले ते भीमेश्वराच्या देवळापाशी, झऱ्यांच्या शेजारी. 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी देह ठेवला तोवर एका रानातल्या जागेचं गाव झालं होतं. पेशव्यांचा सुभेदार असो, बडोद्याचा राजा असो की एक संन्यासी, प्रत्येकानं इथल्या पाण्याभोवती बांधलं. पाणी उचलून कोणी नेलं नाही. ते नेता येण्यासारखं नव्हतंच: दूर नेलं तर थंड होतं आणि थंड झालं तरी क्षारांमुळे पिण्याच्या कामाचं नाही. ज्याला ते हवं त्यानं इथे यायचं, हा नियम भूगर्भानंच घालून दिला.

नदीच्या गोड्या पाण्याला असं संरक्षण नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई विहिरी आणि तळी यांच्यावर भागेनाशी झाली. 1860 मध्ये विहार तलावातून नळानं पाणी आलं, 1879 मध्ये तुळशीची भर पडली. दोन्ही तलाव साष्टी बेटावरचे, म्हणजे शहराच्या अंगणातले. शहर वाढत राहिलं तेव्हा महापालिकेचे अभियंते मेजर हेक्टर टलॉक यांनी खाडीपलीकडच्या तानसा नदीकडे बोट दाखवलं. इथे विचाराची दिशाच बदलली. कात्रजचं पाणी पुण्याच्या वरच्या अंगाचं होतं, हर्सूलचं पाणी औरंगाबादच्या. पाणी उतारानं ज्या बाजूला आलं असतं त्याच बाजूला वळवलेलं. तानसा मात्र वैतरणेला मिळून समुद्राकडे जाणारी नदी. तिचा आणि मुंबई बेटाचा निसर्गानं काही संबंध ठेवला नव्हता. तो संबंध कायद्यानं आणि अभियांत्रिकीनं जोडला. 1888 च्या महापालिका कायद्यानं मुंबईला शहराच्या हद्दीबाहेरही पाण्याची कामं उभारण्याची मुभा दिली आणि 1892 मध्ये, लॉर्ड लॅन्सडाउन व्हाइसरॉय असताना, तानसाचं पाणी शहरात पोहोचलं. जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत त्या काळातल्या मोठ्या धरणांत गणली जाई. पाणी धरणातून शहराकडे येतं ते नुसत्या उतारावर, पंप न लावता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन जंगलातून ज्यांनी हा उतार साधला त्यांचं कसब मोठं होतं, आणि ज्या मजुरांनी खाणी फोडून भिंत रचली त्यांच्या कष्टांशिवाय ते कसब कागदावरच राहिलं असतं. या बांधकामाविषयी मनापासून आदर वाटतो म्हणूनच ते पाहायला जावं असं मी म्हणतो.

1892 ला काम संपलं नाही. तानसाची योजना 1948 पर्यंत चार टप्प्यांत वाढत गेली. त्यातले तानसा पूर्व आणि तानसा पश्चिम हे 72 इंची पोलादी नळ जमिनीवरून धावतात, म्हणून लोकांना 'पाइपलाइन' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. 1950 च्या दशकात वैतरणेवर धरण झालं आणि त्याला अभियंता मोडकांचं नाव मिळून मोडकसागर झाला. नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. आज शहराला रोज सुमारे 3,800 ते 4,000 दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि विहार-तुळशीचा किरकोळ वाटा सोडला तर ते सगळं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येतं. त्यातलं बहुतेक भिवंडी तालुका ओलांडतं. पिसे आणि पांजरापूर इथे भातसाचं पाणी उचललं आणि शुद्ध केलं जातं, येवईला साठवणीची टाकी आहे, कशेळीजवळ नळ खाडी पार करून ठाण्यात शिरतात. भिवंडीची ओळख यंत्रमाग आणि गोदामं अशी झाली आहे. तिच्या अंगावरून जाणारा हा जलमार्ग मात्र तिच्या इतिहासात क्वचितच लिहिला जातो. धरणांच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी तर आता वर्तमानपत्रांत ऋतूसारखी येते. ज्या शहराचा कालवा उघडा असतो त्याला निदान पाणी कमी झालेलं दिसतं. मुंबईला तलावांच्या टक्केवारीचा आकडा दिसतो. आकड्यामागचा पाडा दिसत नाही. झाकलेल्या कालव्याचं हे खरं नुकसान आहे, आणि ते पायी चालल्याशिवाय भरून निघत नाही.

याला जे उत्तर दिलं जातं ते हलकं नाही. मुंबईला पाणी हवंच होतं. उथळ विहिरींच्या पाण्यानं पटकीच्या साथी पसरत, गिरण्यांत राबायला आलेली लाखो माणसं कोकणातलीच होती, घाटावरचीच होती. त्यांच्या तोंडी पाणी पडलं यात वाईट काय? यापुढे जाऊन आणखी एक प्रश्न विचारायला हवा. गरम पाण्याची कुंडं आणि गावची तळी ही सगळ्यांची होती असं म्हणणं सोपं आहे, पण महाराष्ट्रात जुनं पाणी सगळ्यांचं कधीच नव्हतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा हा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मंजूर करावा लागला आणि तो असूनही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. नळाच्या पाण्यानं ही भिंत संपवली नसली तरी तिला तडा दिला. नळातून येणाऱ्या धारेला आपण कोणाच्या हातावर पडतो हे ओळखता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तानसाचं धरण बांधायला नको होतं असं मी म्हणत नाही, किंवा तीर्थाचं पाणी पवित्र आणि नळाचं पाणी लुटीचं अशी विभागणीही करत नाही. पण महाडच्या सत्याग्रहानं जो प्रश्न विचारला तो पाण्याच्या मालकीचा होता, आणि तोच प्रश्न शहापूरच्या पाड्यावरून विचारला तर शहराला तो टाळता येणार नाही. पाणवठा ज्याच्या दारात आहे त्याला पाणी मिळू नये हा अन्याय तळ्याच्या काठी जितका खरा, तितकाच धरणाच्या काठी.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. तानसाचे नळ अकलोलीच्या वेशीतून जात नाहीत; धरण वर, पूर्वेला आहे. मग चालायला सुरुवात इथून का? कारण कालवा पाहायचा तर त्यानं काय मागे ठेवलं हे आधी पाहावं लागतं. धरणाच्या भिंतीपाशी उभं राहिलं की तलावच डोळ्यांत भरतो. नदी विसरायला होते. अकलोलीला नदी आहे. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की महापालिकेकडून काठच्या गावांना सावधानतेचा इशारा येतो आणि नदीलगतची कुंडं पुराखाली जातात. उन्हाळ्यात त्याच पात्रात खडक उघडे पडतात. वर्षाच्या या दोन टोकांवर नदीचं वागणं किती तरी अंशी वरच्या भिंतीकडून ठरतं, हे इथे डोळ्यांनी कळतं. आणि शेजारीच, हाताच्या अंतरावर, गरम पाणी कोणाच्या हुकमाची वाट न पाहता उसळत असतं. एकाच काठावर जाऊ शकलेलं आणि न जाऊ शकलेलं पाणी असं शेजारी शेजारी पाहायला मिळणं दुर्मीळ आहे. म्हणून अकलोली हे या कालव्याचं उगमस्थान नसलं तरी त्याच्या अभ्यासाचं पहिलं ठिकाण ठरतं.

सुट्टीत हे पायी कसं पाहावं? सगळं एका दमात होणार नाही, आणि व्हायलाही नको. वज्रेश्वरीच्या पायऱ्या, तिथून अकलोलीची कुंडं आणि रामेश्वराचं देऊळ, मग नदीच्या कडेनं गणेशपुरी, एवढं एका सकाळी आरामात चालून होतं. अंतर दोन-चार किलोमीटरचंच आहे. हिवाळा चांगला. पुराच्या दिवसांत पात्राच्या जवळ जाऊ नये. दुसरा टप्पा धरणाच्या बाजूचा, तानसा अभयारण्याच्या रानातला, तिथल्या नियमांनुसार. तिसरा भिवंडी तालुक्यातला, जिथे नळ गावांच्या आणि गोदामांच्या शेजारून जातात. त्यांच्यावर चढायचं नाही, सार्वजनिक रस्त्यावरूनच पाहायचं, कारण शहराच्या सुरक्षेचा तो भाग आहे. कशेळीच्या खाडीपाशी थांबलं की भरतीचं खारं पाणी खाली आणि पिण्याचं गोडं पाणी त्याच्या वरून, असा देखावा दिसतो. व्हेनिसला तेच आहे, फक्त तिथे त्याची चित्रं विकतात. शेवटचा टप्पा शहरातला. मुलुंडपासून नळाच्या दोन्ही अंगांना वस्त्या वाढल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रत्येक बाजूला दहा मीटर जागा मोकळी करण्यात आली आणि तिथे सायकल मार्गाची आखणी झाली. हटवलेल्यांपैकी बऱ्याच कुटुंबांना माहूलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवलं गेलं; तिथल्या हवेविरुद्ध त्यांनी दीर्घ लढा दिला आणि 2019 मध्ये न्यायालयानं त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. कालव्याच्या या टोकाला राहणाऱ्यांचा इतिहासही त्या टोकाच्या पाड्यांइतकाच लिहायचा राहिला आहे.

आणि हा कालवा अजून वाढतो आहे. वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधून शहराला रोज आणखी 440 दशलक्ष लिटर पाणी आणायची योजना आहे. त्यात तानसा अभयारण्याचं जंगल आणि ओगदासारखी आदिवासी गावं येतात. 1892 मध्ये धरणाखालच्या गावांना कोणी काही विचारलं असेल असं मानायला जागा नाही. त्या काळी विचारण्याची पद्धतच नव्हती. आज ग्रामसभा आहे, वनहक्क कायदा आहे, पुनर्वसनाचे नियम आहेत. ज्यांच्या खोऱ्यातून पाणी न्यायचं त्यांच्या पाड्यावर आधी नळ पोहोचवायचा, ही अट योजनेच्या मंजुरीतच घालता येते. तांत्रिकदृष्ट्या ती अवघड नाही: शंभर किलोमीटर दूरच्या शहराला पाणी पुरवणाऱ्या महापालिकेला धरणाच्या सावलीतल्या वस्तीपर्यंत नळ नेणं जड जाण्याचं कारण नाही. पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा शहापूर आणि वाड्याच्या पाणीयोजनांना बांधून देता येईल. ही मागणी तिथले लोक करतच आले आहेत. ती मुंबईच्या मतदारानंही करावी यासाठी त्यानं आपला कालवा एकदा पायी पाहिलेला असला पाहिजे.